इटालियन खटका

“दोनातला एक ठेवायचा, दुसरा उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला परत,” असं म्हणत निशाणदार सरांनी जीपमधून दोन खोकी उतरवली आणि आमच्या दुकानाच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवली. “हा जपानी, हा इटालियन. भूपालराव कुठं आहेत?”

“आत. दूध तापवायलेत,” मी म्हटलं.

सर हसले. “मगदुमांनी पाना सोडून चूल धरली काय, वहिनी?”

“दोन महिने झाले. मला पातेल्याला हात लावू देत नाहीत.”

खरंच देत नव्हते. का, ते मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायच्या गोष्टी कमी आणि न विचारता चालायच्या जास्त.

एकोणीसशे पंच्याण्णवचा फेब्रुवारी होता, रविवार. सांगलीत हरिपूरच्या वाटेवर आमचं सायकलचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक उंबरा. ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या, आणि एका पोरीला शर्यतीची सायकल शिकवली. ती आमची त्रिशला. तेव्हा एकोणीस वर्षांची, काटक, वडलांसारखीच कमी बोलणारी. मार्चात पुण्याला निवडचाचणी होती. राज्यातून दोन मुली राष्ट्रीय शिबिराला जाणार होत्या. निशाणदार सर जिल्ह्याचे प्रशिक्षक. त्यांनी कुठून कुठून खटपट करून तिच्यासाठी नवी फ्रेम मिळवली होती आणि आता त्यावर चढवायला गिअरचे हे दोन सेट आणले होते.

हे हात पुसत बाहेर आले. सरांनी खोकी उघडली. आजवरच्या सायकलींना गिअरचा खटका खाली, फ्रेमच्या तिरक्या नळीवर असायचा. गिअर बदलायचा तर हँडलवरचा एक हात काढायला लागायचा. ह्या नव्या दोन्ही सेटांत खटका वर ब्रेकच्या मुठीतच होता. जपान्यात अख्खा ब्रेकचा दांडाच आत ढकलायचा, आणि त्याच्या मागं एक छोटी पट्टी. इटालियनात ब्रेक आपल्या जागी, मागं बोटासाठी एक पट्टी आणि आतल्या अंगाला अंगठ्यासाठी एक बोंड.

“हात न काढता गिअर,” सर म्हणाले. “चढावर उभी राहून बदलेल पोरगी. आता ह्याच्याशिवाय शर्यत नाही.”

“चांगलंय,” हे म्हणाले.

“पण भूपालराव, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे लावणं सोपं नाही. एक केस इकडं-तिकडं झाला तर चेन उडते. डिसेंबरात काय झालं ते आपण बघितलंय. मी म्हणतो, सायकल पुण्याला नेतो. माझा माणूस लावेल, चाचणीलाही तोच राहील पोरीबरोबर.”

त्रिशला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं वडलांकडं बघितलं.

“माझ्या पोरीच्या सायकलीला आजवर दुसऱ्याचा पाना लागला नाही,” हे सावकाश म्हणाले.

“मग आज लावून दाखवा. माझ्यासमोर. नवीन फ्रेमवर जपानी, तिच्या जुन्या फ्रेमवर इटालियन. पोरगी दोन्ही चालवून बघेल. तुमच्या हाताला बसला तर तुम्हीच चाचणीला चला, मेकॅनिक म्हणून. नाही बसला तर सायकल पुण्याला.”

“दिवस मावळायच्या आत करा काय ते,” मी मध्येच म्हटलं. “आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, सर. आणि तुम्ही आज जेवूनच जायचं.”

जेवणाचं मी विषय बदलायला काढलं होतं. कारण जे सरांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. ह्यांना ऐकू येत नव्हतं.

कान कधी गेले ते नेमकं सांगता येणार नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मग घड्याळाचा गजर. समोर बसून बोललेलं कळायचं, पण बारीक आवाज सगळे एकेक करून घर सोडून गेले. आणि ह्यांची सगळी विद्या बारीक आवाजाची. हे गिअर डोळ्यांनी लावत नसत, कानानं लावत. सायकल उलटी टांगायची, डाव्या हातानं पायडल फिरवत राहायचं आणि उजव्या हातानं स्क्रू. चेन दात्याला घासत असली की किर्र असा अगदी बारीक आवाज येतो. स्क्रू फिरवता फिरवता तो बंद झाला की गिअर लागला.

तो आवाज ह्यांना ऐकू येईनासा झाला तेव्हा हे काही बोलले नाहीत. मीही नाही. एक दिवस मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते आणि हे त्याच सायकलीशी अर्धा तास झटत होते. किर्र थांबलं तसा माझा हात आपोआप थांबला. ह्यांनी कडेनं बघितलं, आणि पाना खाली ठेवला. बस. त्या दिवसापासून दुकानात शर्यतीची सायकल टांगली की मी सूप घेऊन उंबऱ्यात. माझा हात चालतोय तोवर चेन घासतेय, हात थांबला की झालं. तीन वर्षं हे चाललं होतं आणि त्यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नव्हतो.

आणि डिसेंबरात त्याच सुपानं घात केला. शर्यतीच्या आदल्या दिवशी हे त्रिशलाची सायकल लावत होते, चेन अजून किरकिरत होती, आणि आत दूध उतू गेलं. वास आला तशी मी सूप टाकून पळाले. ह्यांनी बघितलं ते एवढंच, की हात थांबला. त्यांनी तिथंच स्क्रू सोडला. दुसऱ्या दिवशी चढावर चेन घसरली, पोरगी डांबरावर आपटली, गळपट्टीचं हाड मोडलं. दवाखान्यात हे भिंतीला टेकून उभे होते, चेहरा राखेसारखा. सगळे म्हणाले, मगदुमांच्या हातून चूक झाली. मी म्हणाले नाही की चूक माझी होती. म्हणायचं तर कानांची गोष्ट निघाली असती.

तर आता सर समोर स्टुलावर बसले होते, आणि मी सूप घेऊन उंबऱ्यात.

जपानी आधी. ह्यांनी तो दुपारपर्यंत फ्रेमवर चढवला. हात सुंदर चालत होते, सरही बघत राहिले. मग सायकल टांगली, पायडल फिरवलं आणि स्क्रूला हात घातला.

मी कान दिले. काहीच नाही. चेन अशी फिरत होती जशी रेशमाची दोरी सरकावी. घासत असली तरी कुठं घासतेय ते मला ऐकू येईना. तीन वर्षांत माझा कान तयार झाला होता तो आमच्या किरकिऱ्या चेनवर. ह्या नव्या कारागिरीपुढं मीही बहिरीच.

ह्यांनी कडेनं बघितलं. माझा हात चालूच. पुन्हा पाव आटा. पुन्हा बघितलं. थांबवू? कुठं थांबवू? एकदा थांबवला होता चुकीच्या जागी. मी तांदळाचा दाणा न् दाणा इकडून तिकडं सारत राहिले आणि ह्यांच्या कपाळावर घाम जमत गेला.

शेवटी सर उठले. चाकाजवळ कान नेला, एक बोट वर केलं, आणि ह्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन जरासा फिरवला. “हां. आता.”

मला फरक कळला नाही. ह्यांनाही नाही. पण ह्यांनी मान हलवली.

“नवीन चीज आहे, भूपालराव,” सर हळू म्हणाले. “कमीपणा काही नाही त्यात.”

हे ब्रेकचा दांडा फडक्यानं पुसत राहिले. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिले. त्रिशला पुढं आली. “आप्पा, इटालियन लावा की.”

“लावतो, बाळ.”

दुसरा सेट बसवायला तीनेक तास गेले. सरांनी दोनदा चहा घेतला. ऊन फळीवरून खाली उतरलं. सायकल टांगली, ह्यांनी पायडल फिरवलं आणि अंगठ्यानं ते बोंड दाबलं.

टक्.

अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कोरडा, जाड आवाज. “राकट आहे,” सर म्हणाले. पण मी ह्यांच्याकडं बघत होते. त्यांनी अंगठा तसाच ठेवला होता आणि तळहाताकडं बघत होते, जणू हातात कुणीतरी काहीतरी ठेवलंय.

पुन्हा दाबलं. टक्.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी त्यांना कधी करताना बघितली नव्हती. त्रिशलाला म्हणाले, “पायडल तू फिरव.” आणि डावा तळहात फ्रेमच्या मागच्या नळीवर पसरून ठेवला, डॉक्टर छातीवर ठेवतो तसा. उजव्या हातात स्क्रू. डोळे मिटले. “फिरव. बदल. फिरव. आता वरचा. आता खालचा.”

प्रत्येक टक् त्या नळीतून त्यांच्या हाताला लागत होता, आणि त्याच्यामागची घासही. एक आटा. अर्धा. पाव. मी सवयीनं दाणे सारत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं कुणी बघतच नाही. एकदाही नाही. मी सूप खाली ठेवलं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारत बसले.

“बघा,” हे डोळे उघडून म्हणाले.

सरांनी कान नेला. गिअर वर-खाली केले, दोनदा, तीनदा. स्क्रू ड्रायव्हर हातात होता, पण फिरवायला काही उरलं नव्हतं.

“जमलं की, भूपालराव.” पण मग त्यांनी नकाराची मानही हलवली. “तरी मी म्हणेन जपानीच घ्यावा. सगळ्या पोरी तोच वापरायला लागल्यात. लोण्यासारखा चालतो. आणि ह्याचा आवाज ऐकलात? मागच्या पोरीला आयतं कळणार, हिनं गिअर टाकला, ही आता सुटणार. शर्यतीत हळूच निघायचं असतं.”

“चालवू दे तिला,” हे म्हणाले. “जिच्या बुडाखाली सायकल, तिचं ऐकायचं.”

फेरी ठरलेली असायची: दुकानापासून हरिपूरच्या जुन्या चिंचेपर्यंत आणि परत. त्रिशला आधी इटालियन घेऊन गेली. परत आली ती घामानं निथळत, गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. पाणी प्यायली आणि जपानी घेऊन निघाली.

आम्ही तिघं फळीवर बसलो. ह्यांनी नखांतलं वंगण काढायला काडी घेतली. सर घड्याळ बघत होते. मला वाटत होतं, पोरीला जपानीच आवडावा. तो चांगला होता, माझ्यासारख्या न कळणाऱ्या माणसालाही कळत होतं. आणि त्याच वेळी वाटत होतं, आवडू नये.

बऱ्याच वेळानं ती आली. उतरली, सायकल भिंतीला लावली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तिनं दोन घोट घेऊन परत दिला. वळली तेव्हा बघितलं, काळ्या चड्डीला मागं पांढरा चुना. वाटेवरच्या विहिरीच्या कठड्याला कालच चुना मारला होता. सकाळी जैन बस्तीत देवाचं दर्शन घेऊन येताना माझ्याही पदराला लागला होता. खांदा दुखला असेल, वाटेत बसली असेल पोरगी. सरांना कळलं तर चाचणीचंच रद्द करतील. मी काही न बोलता तिच्या मागं जाऊन हातानं चुना झटकला. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा सरळ केली.

“काय मग?” सरांनी विचारलं.

“इटालियन.”

“का?”

“जपान्याला माझी बोटं पुरत नाहीत, सर. सगळा दांडा आत ढकलायचा म्हणजे पकड सुटते. मला बोंडाचा बरा.”

“सवय होईल की. सगळ्या पोरी…”

“सगळ्या पोरींची बोटं लांब असतील.”

“आणि आवाज?”

“होऊ दे. मला कळतं तरी, पडला का नाही ते.”

सरांनी जपान्याचं खोकं जवळ ओढलं. “तुम्ही बाप-लेक सारखेच. चला, भूपालराव, मार्चात बॅग भरा. वहिनी, पानं घ्या, दिवस मावळतोय.”

जेवताना हे दोनदा हसले, कारण नसताना. भाकरी मोडताना डाव्या तळहाताकडं बघत होते.

चाचणीला हे दोघं गेले, मी घरी. दोन मुली घ्यायच्या होत्या. त्रिशला तिसरी आली, अर्ध्या चाकानं. ती दारातून आत आली ती एवढंच म्हणाली, “आप्पांचा गिअर एकदाही घसरला नाही.” बाकीचं मला सरांकडून कळलं. शेवटच्या चढावर ती दुसरी होती. सुटायला म्हणून गिअर टाकला, टक् झालं, आणि पुढची-मागची दोघी ते ऐकून तिच्या आधी पायडलवर उठल्या.

“मी सांगत होतो,” सर म्हणाले. पण पुटपुटल्यासारखं म्हणाले, आणि ह्यांच्या मागं उभं राहून.

मी पोरीला म्हटलं, “अजून वेळ आहे. मागवू या जपानी.”

“नको. ह्याचंच काहीतरी करते.”

आणि केलं. पुढच्या वर्षी ती चढावर मुद्दाम खटका वाजवायची. टक्! आजूबाजूच्या पोरी दचकून उठायच्या, जीव खाऊन पायडल मारायच्या, आणि ही मागं निवांत. असं तीनदा केलं की त्या दमायच्या. मग चौथ्यांदा ही खरंच निघायची, आणि तेव्हा कुणी उठायचं नाही. पहिल्या क्रमांकानं शिबिराला गेली. हे बरोबर होतेच. पुढं सात वर्षं तिच्या सायकलीला दुसऱ्याचा पाना लागला नाही. नंतर इतर पोरी आपल्या सायकली आमच्याकडं आणायला लागल्या. हे नळीवर हात ठेवून गिअर लावतात म्हणे, हे बघायला कोल्हापूर-साताऱ्याहून माणसं यायची. हे म्हणायचे, “ही आमची जुनी पद्धत आहे.” मी उंबऱ्यात बसून ऐकायची आणि तोंडावर पदर धरायची.

हे गेले त्यालाही आता तेरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीला त्रिशला आली होती. आता तीच पोरींना शिकवते, केस माझ्यापेक्षा पांढरे. दुकान आवरायचं काढलं आम्ही. एका डब्यात तो इटालियन खटका निघाला, रबर फाटलेलं, पितळेच्या तुकड्यासारखा जड. तिनं माझ्या हातात ठेवून बोंड दाबलं. मला ऐकू आलं नाही, मलाही आता सगळं दोनदा सांगायला लागतं. पण तळव्याला लागला.

तेव्हा मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी तिला डिसेंबरातलं सांगितलं, सूप, दूध, सगळं. रडू आलं मला. त्रिशला माझ्यासमोर खाली बसली, ओठ दिसतील अशी.

“आई, मला माहीत आहे. दवाखान्यातच आप्पांनी सांगितलं होतं. म्हणाले, तुझी आई दुधासाठी उठली, तिचा दोष नाही. तिला वाटतं माझ्या कानाचं कुणाला माहीत नाही, ते तसंच राहू दे. तिला बरं वाटतं.”

“म्हणून दूध…”

“म्हणून दूध. तू उंबऱ्यातून उठायला नको.” ती हसली. “आणि मी तरी काय आंधळी होते? तीन वर्षं तू तेच पसाभर तांदूळ निवडत होतीस. त्यात खडा औषधालाही उरला नव्हता.”

मी तो खटका तळहातावर उलटा-सुलटा फिरवला. मग मला तो दिवस आठवला, फळीवरची दोन खोकी आठवली.

“खरं सांग आता,” मी म्हटलं. “जपान्याला बोटं खरंच पुरत नव्हती?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“विहिरीपर्यंत हातात धरून नेली सायकल. कठड्यावर बसले. चिंचेपर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा बसले, आणि परत आले.”

“चालवलीच नाहीस?”

“नाही गं,” त्रिशला म्हणाली. “चालवली असती तर आवडली असती.”